मागच्या दाराशी

काल बाळाला घेऊन निघताना दुकानाच्या पायरीवरच थांबून तिनं त्याच्या ओठांना नाक लावलं. दुधाचाच वास. औषधाचा नाही, कशाचाच नाही. तरी पोरगं मान टाकून गाढ झोपलेलं.

घरी झोके, येरझाऱ्या, अंगाई, सगळं करून थकलं तरी डोळ्याला डोळा न लागणारं हे लेकरू दुकानातल्या मावशीच्या कुशीत गेलं की बघता बघता विरघळायचं.

"काहीतरी चाटवत असणार ती," सासूबाई म्हणाल्या होत्या. "फुकटात कोण सांभाळतं गं दुसऱ्याचं पोर?"

"फुकट कसलं आई, साबणाच्या किमतीत लावत असतील!" नवरा हसला होता.

बाकीची किराणा दुकानं एकावर एक फुकट द्यायची. या साखळीच्या प्रत्येक शाखेत मात्र दाराशी एक वेताची खुर्ची नि खुर्चीत एक मावशी. बाळ इथं द्या, मोकळ्या हातांनी खरेदी करा. आजूबाजूच्या साऱ्या आया इकडंच वळल्या होत्या.

ती रोज बाळ द्यायची आणि थेट मागच्या दाराशी जाऊन उभी राहायची. डाळींच्या मांडणीआडून तिथनं खुर्ची नेमकी दिसे. पाठीमागं दाराची काच, काचेपलीकडं बसथांबा.

आजही ती तिथंच उभी होती. मावशीनं खिशात हात घातला. ती मांडणीआडून पुढं वाकली.

निघाला रुमाल. मावशीनं बाळाची लाळ पुसली, खुर्ची सरकवली आणि दुधाच्या भल्या मोठ्या फ्रिजला पाठ टेकून बसली. फ्रिज घरघरत होता. बाळाचा कान तिच्या छातीशी, पापण्या जड.

एवढंच? तिला हसू आलं, मग ओशाळल्यासारखं झालं. रिकामी पिशवी सावरत ती पुढं गेली.

"द्या मावशी."

मावशीनं बाळ दिलं नाही. तिची नजर पिशवीवर होती.

"आजही काही घेतलं नाहीत, ताई?"

"घाईत आहे जरा."

"रोज त्या दाराशी असता. हात दाराच्या दांड्यावर." मावशीचा आवाज खाली आला. "तुमचं बाळ मांडीवर असलं ना, की मी तुमच्यावरची नजर काढत नाही. मागं एक जण अशीच बाळ देऊन गेली तिथनं. आलेच म्हणाली होती."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मी तुमच्यावर लक्ष ठेवत होते, असं ठणकावून सांगायला तिनं तोंड उघडलं.

पण तळव्यात दांड्याचा गारवा अजून होता. आणि त्या थांब्यावर कुठली बस कुठल्या बसमागून येते, कुठली पार शेवटपर्यंत जाते, हे सगळं तिला पाठ होतं.

मावशीनं पायानं शेजारचं स्टूल पुढं ओढलं.

"बसा आधी. टेका पाठ."

ती बसली. फ्रिजची घरघर हळूहळू तिच्या पाठीत उतरू लागली.