धोंड्याच्या ताटात करवतीचा बार

अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे आणि ताटात वाण ठेवायचं. आमच्या उचगावात कुणी अंगठी ठेवतं, कुणी चांदीचं निरांजन. मी हुपरीहून चांदीचं ताम्हण आणणार होते आणि ते गल्लीत चार जणींना सांगूनही झालं होतं. तेवढ्यात लेकीचा, तेजस्वीचा, गारगोटीहून फोन आला.

"आई, ताम्हण नको. बार दे."

माझे जावई सम्राटराव झाडं तोडायची कामं घेतात. त्यांच्या पेट्रोलच्या करवतीला पुढं एक लांब लोखंडी पट्टी असते, तिच्या कडेनं दातेरी चेन फिरते. त्या पट्टीला हे लोक बार म्हणतात.

"त्यांचा बार झिजलाय. काल चेन उडाली, बूट फाटला. पाय थोडक्यात वाचला बघ."

"मग नवा घ्यायला सांग की."

"सांगून दमले. कानशीनं घासत्यात, उलटा करून बसवत्यात आणि म्हणत्यात, अजून वर्ष काढतोय. मी आणला तर दुकानात परत करून येतील. पण तू धोंड्याच्या ताटात ठेवलास तर..."

पुढचं तिनं बोलायची गरज नव्हती. धोंड्याचं वाण जावयाला परत करता येत नाही. पोरगी माझ्यावरच गेलीय.

तरी जावयाच्या ताटात लोखंड कुणी ठेवलंय कधी? जेवायला माझी विहीण चिमणाबाईही येणार होती. तिची जीभ माझ्यासारखीच आहे, फक्त धार जरा कमी. जावयानं अपमान मानला असता तर टोमणे माझ्या लेकीला ऐकावे लागले असते, तेही जन्मभर. पण टोमणे खाऊन माणूस जगतं. करवत पायात गेल्यावर काय करायचं?

आमचे मालक आण्णा म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

"लोक धोंडे खायला येणार न्हाईत," मी म्हटलं.

रविवारी जावयांचं काम बंद असतं. ते भावकीतल्या साखरपुड्याला गेले, तसा तेजस्वीनं जुना बार मशीनवरून काढला, जुन्या साडीत गुंडाळला आणि एसटीनं कोल्हापूर गाठलं. स्टँडवरून आम्ही तिघं करवतीच्या दुकानात गेलो.

"बोला काका," दुकानदार आण्णांना म्हणाला. आण्णांनी माझ्याकडं बोट केलं. घरातही असंच चालतं.

त्यानं एक लांबलचक, चकचकीत बार काढला. "हा घ्या मावशी. बघणारा बघत राहील."

खोटं कशाला बोलू, मला तो आवडला. ताटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आला असता, साऱ्या गल्लीला दिसला असता. पण तेजस्वीनं माझा हात धरला. "आई, त्यांचं मशीन लहान हाय. एवढा लांब बार त्याला ओढत न्हाई. बुंध्यात अडकला की मशीन अंगावर येतंय."

लांब बार मी मागं सरकवला. जरा जड गेलं.

मग जुन्याच्या मापाचे दोन बार आले. एक रंगीत, एक साधा. मी दोन्ही काउंटरच्या काचेवर कडेवर उभे केले. रंगीत डुगडुगला.

"रंगाचा थर हाय तो, मावशी."

"रंग भिंतीला लावत्यात, पावणं. आमास्नी झाड कापायचंय."

जुना बार मी साध्यावर ठेवला. भोकावर भोक, खाचेवर खाच बसली. तेजस्वीनं दुकानातल्या चेनचा तुकडा बारच्या कडेच्या खोबणीत घालून हलवला. रंगीतमध्ये तो मान डोलवायला लागला, साध्यात ताठ बसला. टोकाचं बारकं चाक मी बोटानं फिरवलं, कुठं अडकलं नाही. जुन्याच्या कडा इतक्या धारेवर आल्या होत्या की पदर अडकला. नव्याच्या कडेवरून मी अंगठा फिरवला, मग एक डोळा मिटून पार टोकापर्यंत बघितलं. सरळ होता.

"जावई बघताना एवढं बघितलं न्हवतंस," आण्णा हळूच म्हणाले.

"तवा तुमी बघत हुतासा. म्हणून तर आता हे बघाय लागतंय."

तेजस्वी तोंडाला पदर लावून हसली. साधा बार आम्ही घेतला आणि जुना ती परत घेऊन गेली, जावई यायच्या आत मशीनला लावायला.

धोंड्याच्या दिवशी मी ताटात धोंडे रचले, दिवा लावला आणि हळदीकुंकू लावून बार ठेवला. चिमणाबाईनं मान पुढं काढली.

"हे काय वो, इनीबाई? जावयाला लोखंड?"

"दसऱ्याला तुमच्या घरात कोयत्याला हळदकुंकू लावत्यात न्हवं? तवा काय त्यो सोन्याचा असतोय?"

"ते दसऱ्याला."

"पोट रोज असतंय, इनीबाई."

स्वयंपाकघराच्या दारात तेजस्वी हातातली पळी धरून तशीच उभी. सम्राटरावांनी बार उचलला, टोकाचं चाक फिरवलं आणि उजेडाकडं धरून कड बघितली.

"कुणी निवडला?"

"मी."

"लांबीबी?"

"ती तुमच्या बायकोनं."

त्यांनी दाराकडं बघितलं. "तरीच म्हटलं, सोमवारी चेन उलटी कशी बसली हुती. मला वाटलं, मीच येडा झालो."

तेजस्वी आत पळाली.

"वाण हाय, परत करता येत न्हाई," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे घरात. जुना संपला की लावतो."

इथंच सगळं अडलं असतं. एवढा घाट घातला आणि बार माळ्यावर गेला असता. मी म्हटलं, "जुना कधी संपणार? का आता बुटाच्या जागी पायच फाटाय पायजे?"

"कसला बूट?" चिमणाबाईनं विचारलं.

मग आण्णांनीच सगळं सांगून टाकलं. चिमणाबाईनं लेकासमोरचं ताट मागं ओढलं.

"सम्राट," ती म्हणाली, "ऊठ. आधी बार बसव, मग जेव."

"आई, ताट वाढलंय."

"वाढलेलं ऱ्हातंय."

सम्राटराव उठले. उद्याच्या कामासाठी गाडीत टाकलेलं मशीन काढून अंगणात बसले. चिमणाबाई शेजारी पाटावर बसली. जुना बार निघाला तसा तिनं तो मांडीखाली सारला. नवा बसला. न्हाणीजवळ वाळक्या नारळाचं खोड पडलं होतं, त्यावर त्यांनी मशीन टेकवलं. करवत सरळ खाली उतरली, भुसा उडाला, आवाजानं गल्ली गोळा झाली. कापलेल्या जागेवर जावयांनी तळवा फिरवला.

"मामी, चांगला हाय."

"ठावं हाय मला. हात धुवा."

मी आत आले. तेजस्वी चुलीशी डोळे पुसत होती. तिला बाजूला सारून मी धोंडे पुन्हा वाफेवर ठेवले.