जीप दुसऱ्यांदा दाखवायला नेली

गोरखमामा नव्वद हजार हा आकडा ऐकून घरी आला तेव्हा तो दुःखी नव्हता, खूश होता. त्यामुळे काय बिघडलं आहे हे कळायला आम्हाला अर्धा तास लागला.

२००३ सालचा मार्च होता. मी बी.एस्सी. होऊन नोकरीच्या शोधात होते आणि महिनाभर तळेघरला मामाकडे राहायला आले होते. मामा तळेघर ते घोडेगाव जीप चालवायचा. जीप त्याची नव्हती. वारूळवाडीला जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या चांगदेवशेठनी ती त्याला तीन वर्षांच्या कराराने चालवायला दिली होती. महिन्याचं भाडं ठरलेलं. मुदत संपली की गाडी परत करायची, नाहीतर त्या दिवशी ती ज्या स्थितीत असेल तिची किंमत देऊन विकत घ्यायची. मुदत एकतीस मार्चला संपत होती. मामाने भात विकून आणि पतसंस्थेतली ठेव मोडून सत्तर हजार जमवले होते. तेवढ्यात जमलं नाही तर गाडी पेठच्या भिका या दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाणार, असं शेठनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"नव्वद?" लंकामामीने तव्यावरची भाकरी उलटायची थांबवली. "आन् तुमी हसताय काय?"

"अगं, शेठ म्हनले, गोरख, तुझ्यासारखी गाडी कुनी ठेवली न्हाई. चार लोक बघाया आले तिथं."

मामाने काय केलं होतं ते मी पाहिलं होतं. शेठकडे किंमत ठरवायला नेण्याच्या आदल्या दिवशी डिंभ्याच्या कालव्यावर नेऊन त्याने जीप घासून धुतली होती. बॉनेटला रंग दिला होता, बंपर चमकवला होता, आरशाला गोंडे बांधले होते. टायर, सीटा, छतावरचं कॅरियर हे सगळं तर त्याने वर्षभरात स्वतःच्या पैशाने नवीन घातलंच होतं. बैल बाजारात न्यायचा तर शिंगं रंगवूनच न्यायचा, हे त्याच्या हाडात भिनलेलं. दहा लोकांत किंमत जास्त निघाली की मान ताठ.

"ओ," मामी म्हणाली, "तुमी गिऱ्हाईक हाय का इकणारे?"

मामाचं हसू हळूहळू ओसरलं.

मी कराराचा कागद मागितला. मुद्रांकाचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गाडीतच ठेवलेला होता. सातव्या कलमात लिहिलं होतं की, चालकाने स्वखर्चाने बसवलेलं आणि काढता येण्यासारखं सामान त्याचंच राहील. तीन वर्षांत हे कलम कुणी वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी घोडेगावच्या जीप स्टँडवर गेले आणि सहा चालकांना विचारलं. गाडी कुठल्या सालची, किती किलोमीटर चाललेली, टायर कसे, कितीला घेतली. दोघांनी आकडा फुगवून सांगितला असावा, कारण शेजारचे हसले. ते दोन वगळून मी उरलेले चार वहीत मांडले. मामाच्या जीपच्या वयाची गाडी, जुन्या टायर-सीटांवर, बासष्टच्या आसपास जात होती.

"म्हणजे मामा, तुमचं सामान काढलं की ती बासष्टची आहे. वरचे अठ्ठावीस तुमच्याच खिशातले. ते तुम्ही दुसऱ्यांदा देणार होता."

"मग काढू म्हनतीस?"

"काढू."

त्याला ते आवडलं नाही. उघडी गाडी माणसांत न्यायची म्हणजे अंगावरचे कपडे उतरवून बाजारात उभं राहण्यासारखं, असं काहीतरी तो पुटपुटला. पण मामी आधीच गोठ्याकडे गेली होती. जुने टायर तिथल्या पत्र्यांवर वजन म्हणून ठेवलेले होते. फाटक्या सीटा माळ्यावर होत्या, त्यांवर लसूण वाळत होता. या घरात काही फेकलं जात नाही.

निघताना मी मामाला एकच बजावलं. "आपणहून काही सांगायचं नाही. इंजिनाचं तर मुळीच नाही."

कारण इंजिन बाहेर काढून घरी ठेवता येणार नव्हतं. मागच्या दिवाळीत मंचरच्या मिस्त्रीकडून मामाने ते पुरतं उघडून बांधून घेतलं होतं. अठरा हजार लागले होते.

चांगदेवशेठनी जीप आत येताना पाहिली आणि खुर्चीतून उठले. "अरं गोरख, काय झालं रे हिला? ठोकली काय?"

"न्हाई शेठ. माझं मी घरी ठिवलं. तुमचं तुमाला दावाया आनलंय."

मी कलम दाखवलं. शेठनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "ही पोरगी कोन?"

"भाची हाय. बीएस्सी."

"दिसतंयच." मग ते गाडीभोवती फिरले, बॉनेट उघडलं, चावी फिरवायला सांगितली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. शेठनी मागे जाऊन धुरासमोर तळहात धरला आणि तो बघितला. स्वच्छ होता.

"इंजिन कुनी केलं?"

मी मामाकडे पाहिलं. आपणहून बोलायचं नव्हतं. पण हे आपणहून नव्हतं.

"मी," मामा म्हणाला. "मागल्या दिवाळीला. मंचरात."

"मग इंजिनाचं धरावं लागंल. सीट काढलीस, ठीक. इंजिन काय काढता येन्यासारखं सामान हाय का?"

मी कलम पुन्हा वाचलं, वही चाळली. इंजिनाचा शब्द कुठेच नव्हता.

"येतं की," मामा शांतपणे म्हणाला. "जुनं पिस्टन, रिंगा, बेरिंगा मिस्त्रीकडं पोत्यात बांधून हायेत. दोन दिस द्या. तुमचं तुमाला घालून आनतो. येताना धूर सोडत येईल, तेवढं बघा. मग भिकाला द्या, न्हाई तर ठिवा."

"आन् तू?"

"मी काय, बसनं जाईन. दिसातनं दोनच हायेत, पर हायेत."

शेठ हसले, पण डोळे गाडीवरच होते. धूर सोडणारी जीप त्यांना अंगणात उभी करावी लागणार होती, आणि भिका ती बघायला येणार होता. ते टेबलाशी गेले, पाणी प्यायले.

"सत्तर कर."

"चौसष्ट."

"राव, चौसष्टला काय येतं? अडुसष्ट."

"सासष्ट, शेठ. आन् आजच सह्या."

मी मामाची बाही ओढली. बासष्ट, मला म्हणायचं होतं. बासष्ट! पण शेठनी हात पुढे केला होता आणि मामाने तो धरला होता. पैसे मोजण्याआधी मालकी बदलायच्या दोन्ही फॉर्मवर शेठची सही घ्यायची एवढं मात्र मी अडून बसून करवून घेतलं.

परतीच्या वाटेवर मंचर येईपर्यंत मी वहीतले आकडे पुन्हा पुन्हा पाहिले. मग राहवलं नाही. "मामा, चार हजार जास्त गेले."

"कशापरीस?"

"माझा हिशोब बासष्टचा होता."

"तो जुन्या इंजिनाचा." त्याने गिअर बदलला. "जुनं घालायला मिस्त्रीचं पंधराशे. मग ती बासष्टला घ्यायची, आन् नवं परत घालायला आनिक पंधराशे. दोनदा दोन दोन दिस गाडी हुभी. दिसाचं चारशे सुटत्यात मला. तू धरलं व्हतंस का ते?"

मी मनात बेरीज केली. चार हजार सहाशे. पुन्हा केली. तेवढेच आले. म्हणजे बासष्टची गाडी त्याला सहासष्ट हजार सहाशेला पडली असती; त्याने सहाशे वाचवले होते, आणि त्या आकड्याच्या वर तो एक पाऊलही सरकला नसता.

"मग हे तिथंच का नाही सांगितलंत? माझा जीव खाली-वर होत होता."

"तिथं?" मामाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून तिसरीत आहे. "अक्षदे, मी मोठ्यानं मोजलं आसतं, तर शेठनं बी मोजलं आसतं की."