सदतीस अंशांचा मासा

मी एक मासा बोलतोय. नदीतला नाही, समुद्रातला नाही, बाथरूममधला. अंग पिवळ्या प्लास्टिकचं, पोटात काचेची नळी, नळीत लाल रंगाची बारीक रेघ आणि तिच्या शेजारी आकडे. छत्तीस ते अडतीसच्या मध्ये एक हिरवी पट्टी आहे. बाळाच्या आंघोळीच्या पाण्यावर मला सोडायचं आणि रेघ हिरव्या पट्टीत आली की बाळाला पाण्यात घ्यायचं, एवढ्यासाठी माझा जन्म. मला स्वतःला चटका बसत नाही, हुडहुडीही भरत नाही. रेघ वर जाते, खाली येते, मी दाखवतो.

साच्यातून पडलो तेव्हा माझ्यासारखे शेकडो होते. डोळे चिकटवणारीने माझा एक डोळा थोडा वर लावला, म्हणून मी कायम कशाचं तरी नवल वाटल्यासारखा दिसतो. खरं तर मला कशाचंच नवल वाटत नाही. अकरा वर्षांपूर्वी कुवेतच्या महबूला भागातल्या एका दुकानातून आशयने मला उचललं, तेव्हाही वाटलं नव्हतं.

आशय मूळचा मिरजेचा. इथे एका खाजगी हॉस्पिटलात डायलिसिसची मशिनं दुरुस्त करतो. त्याची बायको स्वप्ना नर्स आहे. रसिका जन्मली तेव्हा मला पाण्यावर तरंगताना बघून स्वप्ना हसली होती. ती कोपर बुडवायची आणि सांगायची, पाणी बरोबर आहे. आशयला मात्र आकडा पाहिल्याशिवाय चैन पडायचं नाही. रोज संध्याकाळी कोपर आणि मासा यांचं एकमत झालं की रसिकाची आंघोळ व्हायची. माझे ते दिवस बरे गेले.

रसिका मोठी झाली आणि मी बेसिनखालच्या कपाटात गेलो. जुने ब्रश, अर्धी संपलेली फिनेलची बाटली, कसलासा तुटका हुक आणि मी. नऊ वर्षं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माणसं वस्तू टाकून देत नाहीत, कपाटात ठेवून विसरतात. त्यांना वाटतं, ते बरं.

मला बाहेर काढलं ते सव्वा वर्षापूर्वी, एका नोव्हेंबरात. त्याआधी कुवेतचा एक उलटा नियम सांगायला हवा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या दिवसभर भाजून निघतात आणि थंड पाण्याच्या निळ्या नळाला चटका देणारं पाणी येतं. मग लोक गीझर बंद ठेवतात. गीझरची टाकी घरात, एसीच्या गारव्यात असते, तिच्यातलं पाणी निवतं आणि लाल नळाला गार पाणी मिळतं. सहा महिने घरोघरी लाल म्हणजे गार, निळा म्हणजे गरम. थंडी पडली की गीझर चालू होतो आणि हातांना पुन्हा सरळ वळण लावावं लागतं.

त्या दिवशी सकाळी ड्यूटीला निघताना स्वप्नाने गीझर चालू केला आणि तसं सांगितलंही. आशयने मान हलवली, ऐकलं काहीच नाही. दुपारी दमून आल्यावर त्याने सवयीने, गार म्हणून, लाल नळ उघडून टब भरला, स्टुलावर बसून दोन्ही पाय आत सोडले आणि फोन बघत बसला. बऱ्याच वेळाने त्याचं लक्ष खाली गेलं. पाय लालभडक झाले होते आणि त्याला काही कळलं नव्हतं.

त्याने कुणाला हाक मारली नाही. टॉवेलने पाय टिपले, मोजे चढवले. फोड आल्यावर नवा बूट चावल्याचं सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी कपाट उपसून मला शोधून काढलं.

तेव्हापासून मी त्याचा. रोज दुपारी, स्वप्ना कामावर आणि रसिका शाळेत असताना, तो मला टबात सोडायचा, रेघ हिरव्या पट्टीत आली की पाय आत घालायचा. मग मला पुसून टाल्कम पावडरच्या रिकाम्या डब्यात घालून फिनेलच्या मागे लपवायचा.

त्याला शुगर आहे हे स्वप्नाला माहीत होतं. किती आहे ते माहीत नव्हतं, कारण रिपोर्टातला आकडा घरी येईपर्यंत दोन-तीन पायऱ्या उतरलेला असायचा. तुम्ही म्हणाल, नर्स बायकोपासून असलं काय लपवायचं? तर ऐका. आशयच्या वडिलांचा, रामभाऊंचा, एक पाय शुगरमुळे घोट्यापासून काढावा लागला होता. स्वप्ना तेव्हा नवी नवरी. दोन वर्षं तिने सासऱ्यांचं ड्रेसिंग केलं, इकडे आल्यावरही दर वर्षीची सगळी सुट्टी त्यांच्या उशाशी काढली. तीन वर्षांपूर्वी रामभाऊ गेले. आणि आता कुवेतातली तिची नोकरीही शुगरवाल्यांच्या पायांच्या क्लिनिकमध्येच. दिवसभर परक्यांचे पाय मांडीवर घेणाऱ्या बाईला घरी आणखी एक जोडी द्यायची नाही, एवढंच आशयने मनाशी ठरवलं होतं. त्याला हे मोठं समंजसपणाचं वाटत होतं.

आता हॉटेलांकडे येतो, कारण सगळं बिनसलं ते तिथे.

पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात स्वप्नाने जाहीर केलं की फेब्रुवारीत नॅशनल डेच्या सुट्टीला जोडून आपण फिनलंडमधल्या हेलसिंकीला जायचं. मिरज नाही, कुणाचं आजारपण नाही, लग्नमुंज नाही. चार दिवस बर्फ, घाम काढणारी सॉनाची गरम खोली, गरम पाण्याचे तलाव आणि आपण तिघं. खालच्या मजल्यावरचा मुझफ्फर, मूळचा रत्नागिरीचा, तिला चिडवून गेला की घाम काढायला फिनलंडला कशाला जाता वहिनी, ऑगस्टात दुपारी आपल्या गल्लीत उभं राहा की. ती हसली. बऱ्याच दिवसांनी मी तिचं तसं हसू ऐकलं.

जेवणाचं टेबल बाथरूमच्या दारापासून चार पावलांवर आहे, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. रोज जेवणं उरकली की टॅब उघडायचा. मुलांना घेणारं, स्पा असलेलं आणि शहरातलं हॉटेल हवं होतं. तिन्ही एका ठिकाणी जमेनात. रसिकाने तीन हॉटेलांना नावं ठेवली होती. एक गच्चीवालं, तिथे गरम पाण्याचा तलाव छपरावर आणि भोवती बर्फ, पण मुलांना सकाळी अकरापर्यंतच प्रवेश. एक बंदरवालं, तिथे सॉनामधून निघून अनवाणी बर्फावरून चालत जायचं आणि शिडीने समुद्रात उतरायचं. सॉनात बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, आणि अंगावर कपडे न घालण्याची रीत, हे वाचून मायलेकी हसून लोटपोट झाल्या. तिसरं घसरगुंडीवालं, शहरापासून जरा लांब, ट्रामने जायचं, लहान मुलांनी भरलेलं.

आशय प्रत्येकाला नाट लावत गेला. गच्चीवर रसिकाला सर्दी होईल. बंदरवाल्याची ती रीत आपल्याला कशी जमणार? स्वप्नाने पोहण्याचे कपडे चालणारं सॉना शोधून दाखवलं, तर त्याला तिथला नाश्ता पसंत पडेना. घसरगुंडीवालं लांब आहे. रसिका म्हणाली, "बाबा, यू डोन्ट लाइक एनिथिंग." त्यावर तो उठून हात धुवायला बाथरूममध्ये आला आणि बराच वेळ हात धूत राहिला. गरम फरशी, सॉनातले तापलेले दगड, अनवाणी बर्फ. त्याच्या पायांना यातलं काहीच कळणार नव्हतं, आणि तिला मात्र एका नजरेत सगळं कळलं असतं.

आठ-दहा दिवस असे गेले. मग एकदा तिने टॅब मिटला.

"तुम्हाला आमच्याबरोबर यायचंच नाहीये का? तसं असेल तर सरळ सांगा."

इथे तो खरं बोलला असता तर माझी गोष्ट इथेच संपली असती. तो म्हणाला, "तुम्ही दोघी जाऊन या. मला रजा मिळेलसं वाटत नाही."

ती बरं म्हणाली. चिडली नाही, रडली नाही. त्यानंतर टॅब उघडला गेला नाही. घरात डबे भरले जात होते, इस्त्री होत होती, रसिकाचा अभ्यास होत होता, आणि कुणी कुणाशी कामाशिवाय बोलत नव्हतं. माझ्यासारख्याला असलं घर सोयीचं वाटायला हवं. मला ते आवडलं नाही, एवढं सांगतो. नवऱ्याचं मन आपल्यावरून उडालं आहे असा तिने अर्थ काढला होता, आणि तो अर्थ आशय मुकाट्याने मान्य करत होता. खऱ्यापेक्षा तो त्याला परवडला.

अशा वेळी बायका घर साफ करायला घेतात. स्वप्नाने बेसिनखालचं कपाट काढलं, पावडरचा डबा उघडला आणि मी तिच्या हातात आलो. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. रसिकाचं लहानपण आठवलं असेल. मुझफ्फरची बायको फिजा तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. स्वप्नाने मला धुतलं आणि तिच्याकडे नेऊन दिलं.

फिजाने मला काचेच्या कपाटात, दुपट्यांच्या शेजारी ठेवलं. नवी मालकीण, नवं बाळ येणार. पण तिसऱ्याच दिवशी दारात आशय उभा. मी कुठे गेलो ते त्याला रसिकाकडून कळलं असावं. रसिकाच्या शाळेत सायन्सचा प्रोजेक्ट आहे, चार दिवस मासा हवाय, म्हणाला. बोलताना नजर दाराच्या कडीवर. दोन दिवस त्याने पाण्याला पायच लावला नव्हता, हे मला नंतर त्याच्या पायांच्या भेगांवरून कळलं. फिजाने मला पिशवीत घालून दिलं.

पुढचं मी बाथरूममध्ये पाहिलं, शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी. रसिका मैत्रिणीकडे होती. स्वप्ना भाजी आणायला गेली म्हणून आशयने टब भरला. मी तरंगत होतो, त्याचे पाय पाण्यात होते. दार नुसतं लोटलेलं. ते उघडलं आणि स्वप्ना आत आली. लिफ्टमध्ये तिला फिजा भेटली होती आणि प्रोजेक्टचं काम कुठवर आलं असं तिने सहज विचारलं होतं.

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. सदतीस. मग पायांवरचा जुना डाग पाहिला. मग बाहेर जाऊन पर्समधून एक काडी घेऊन आली. त्या काडीच्या टोकाला नायलॉनचा जाड केसासारखा धागा असतो. क्लिनिकमध्ये ती तो पेशंटच्या तळव्याला दहा जागी टेकवते, पेशंटने डोळे मिटून लागलं की सांगायचं असतं.

ती फरशीवर बसली, त्याचा उजवा पाय पाण्यातून काढून मांडीवर घेतला आणि ओढणीने पुसला.

"डोळे मिटा. लागलं की हो म्हणा."

आशयने डोळे मिटले. कसा वेळ घेऊन धागा टेकवतात, मध्ये किती थांबतात, हे त्याने हॉस्पिटलात पुष्कळदा पाहिलं होतं. जरा थांबून तो म्हणाला, "हो."

थोड्या वेळाने पुन्हा, "हो."

मग अंगठ्यापाशी असेल असा अंदाज करून, "हो." एकदा तर त्याने पाय किंचित मागेही घेतला, गुदगुल्या झाल्यासारखा. पाच वेळा हो झालं. मी टबातून बघत होतो. स्वप्नाचा काडीवाला हात सगळा वेळ तिच्या मांडीवर होता.

"डोळे उघडा," ती म्हणाली. "अहो, मी अजून सुरुवातच केलेली नाही."

नळ थेंब थेंब गळत होता. आशयने पाय सोडवून घ्यायला पाहिलं, तिने सोडला नाही.

"बाबांचं तू इतकी वर्षं केलंस," तो म्हणाला. "पुन्हा तुझ्यावर तेच नको, म्हणून."

"मला वाटलं, मीच नकोशी झाले," ती म्हणाली. "दोन महिने मी तेच घेऊन झोपतेय. त्यापेक्षा पाय सोपा होता."

टबातलं पाणी निवत गेलं, माझी रेघ तीसच्याही खाली उतरली, तरी कुणी उठेना. शेवटी तिने धागा खरोखर टेकवला. दहा जागी. यावेळी तो तीनदाच हो म्हणाला.

फार काही गोड झालं असं समजू नका. डॉक्टरकडे जाऊन आले, गोळ्या बदलल्या. सॉना आणि अनवाणी चालणं त्याला कायमचं बंद. स्वप्ना अजून कमीच बोलते. खोटं ऐकून झालेला कान लवकर निवळत नाही. पण टॅब पुन्हा उघडला आणि घसरगुंडीवालं हॉटेल तिघांसाठी ठरलं. तिथला तलाव बत्तीस अंशांचा, आणि पाण्यात रबरी बूट घालून उतरलेलं चालतं, असं स्वप्नाने मेल पाठवून विचारून घेतलं. फिजाला बाळासाठी नवा मासा घेऊन दिला, त्याचे दोन्ही डोळे सरळ आहेत.

मी आता लपलेला नाही. नळाशेजारच्या हुकाला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेला असतो. उद्या पहाटेचं विमान आहे आणि मी बॅगेत मोज्यांमध्ये बसलोय. झिप लागेपर्यंत तुमच्याशी बोलून घेतलं. तुमच्या घरातल्या कपाटात मागच्या बाजूला माझ्यासारखं कुणी डब्यात घातलेलं सापडलं, तर ते धुऊन दुसऱ्याला देण्याआधी विचारा की हे इथे कुणी ठेवलं आणि कशासाठी.

दर शुक्रवारी तपासणी असते, आजही झाली. आता आशय अंदाजाने हो म्हणत नाही. जिथे लागत नाही तिथे तो गप्प राहतो, आणि तो गप्प असेपर्यंत स्वप्ना धागा तिथेच टेकवून थांबते.