लसणाची टोपली आणि भिंतीवरची ठिपकेवाली

मी एक जुनी गवताची टोपली आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी जळते. समोरच्या भिंतीवर ते ठिपक्यांचं चित्र टांगलंय ना, त्याच्यावर जळते.

आम्ही दोघी एकाच मुलखातल्या. ऑस्ट्रेलियाच्या लाल वाळवंटात मेव्हिस नावाची म्हातारी राहते. तिचे लोक तिथले मूळचे, बाकी कुणी यायच्या कितीतरी आधीपासूनचे. तिने टेकडीमागचं गवत स्वतः कापलं, त्याची जुडी वळवत वळवत लाल लोकरीचे टाके घातले आणि मला घडवलं. एकदा कुठेशी जाताना वाटेत तिची गाडी पंक्चर झाली, तेव्हा चाकाला टेकून तिने माझा काठ संपवला. म्हणून तो जरा वाकडा आहे. असू दे. चित्र तिच्या भाचीने काढलं, त्याच टेकडीचं. आता तुम्हीच सांगा, ठिपक्यांनी टेकडी दाखवणारी ती मोठी, की टेकडीवर उगवलेली मी?

कादंबरी नावाची एक बाई ऑफिसच्या कामासाठी तिकडे गेली आणि आम्हा दोघींना अमेरिकेत, फ्रिस्कोच्या आपल्या घरी घेऊन आली. चित्राला भिंत मिळाली, वर खास दिवा मिळाला, शेजारी नावागावाचा कागद. पाहुणे आले की "वॉव!" आणि मला काय? लसूण! रोज सकाळी कादंबरीच्या सासूबाई, शरयूआजी, माझ्यात हात घालून चार पाकळ्या घ्यायच्या. मी ओट्यावरून चित्राकडे बघत कुढायची.

एकदा कादंबरीच्या मुलीने, केयाने, शाळेच्या प्रोजेक्टसाठी त्या मावशी-भाचीला व्हिडिओ कॉल लावला. चित्राची गोष्ट निम्मी झाली नि मेव्हिस मध्येच म्हणाली, "थांब, थांब. मागे ती माझी टोपली ना?"

कादंबरीचा चेहरा पडला. "सॉरी हं, आम्ही त्यात... लसूण ठेवतो."

"लसूण!" म्हातारी टाळी वाजवून हसली. "मग काय, हवा ठेवणार? भरलेली दिसली, बरं वाटलं. अशीच भरत राहा."

मित्रांनो, चित्राकडे मी असं काही पाहिलं म्हणता!

पण कादंबरीला ते हसणं टोचलं. "किती एम्बॅरसिंग!" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने मला झटकलं, पुसलं आणि काचेच्या कपाटात वरच्या फळीवर बसवलं. दिवा आला, कागद आला. हवं होतं ते सगळं आलं. लसूण मात्र एका प्लास्टिकच्या डब्यात गेला.

आता मी त्या डब्यावर जळते. मेल्याला ना गाव, ना गोत. कुणी बसून केलेला नाही, कुणी कौतुकाने आणलेला नाही. आणि आजीची बोटं रोज त्याच्यात!

परवा आजी कपाटापाशी आली. "केया, ती टोपली काढ गं खाली. माझा हात नाही पोचत."

"आज्जी, नो! इट्स आर्ट. मॉम विल किल मी."

"आर्ट आहे तर आहे. जिने केली तीच म्हणाली ना, भरत राहा म्हणून? मी तिथेच बसले होते, बहिरी नाही झाले अजून."

केया कपाटाकडे बघत जरा थांबली, आणि मग क्लासला निघून गेली.

माझ्यातला लसणाचा वास रोज थोडा थोडा कमी होतोय. मित्रांनो, हाताने केलेली वस्तू घरी आणलीत तर तिला जरूर जपा, पण तिच्यात हात घालणं सोडू नका. या कपाटाला कुलूप नाही. आजीचा हात पोचत नाही, केयाचा पोचतो. तुमच्यापैकी कुणाची तिच्याशी ओळख असेल, तर एवढं सांगाल तिला?