शैलाताईंनी न वाचलेली कादंबरी

बेव्हर्ली पार्कमधल्या त्या सोसायटीत आधी योगवर्ग निघाला आणि बंद पडला. मग भजनी मंडळ निघालं, ते पेटी कोणाच्या घरी ठेवायची यावरून मोडलं. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या संपदाने ‘सध्या काय वाचताय?’ अशी बैठक काढली, तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. दर रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात जमायचं, सध्या कुठलं पुस्तक वाचतोय आणि ते का आवडतंय ते सांगायचं, चहा प्यायचा आणि घरी जायचं. एवढंच.

शैलाताई गवाणकरांनी मात्र जायचं नक्की केलं होतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर परळची खोली विकून त्या आणि त्यांचे यजमान पंढरीनाथ इकडे आले होते. घर मोठं झालं, पण शेजाऱ्यांशी बोलणं ‘लाइट गेलीय का?’ आणि ‘पानी कब आएगा?’ यापुढे काही सरकलं नव्हतं. पुस्तकाच्या निमित्ताने चार माणसं तरी भेटतील, असा त्यांचा हिशेब होता.

अडचण एकच होती. त्या सध्या वाचत होत्या ते पुस्तक त्यांच्या नातवाचं होतं. अथर्व सुट्टीला आला होता तेव्हा विसरून गेलेला. त्यात एक मांजर चहाची टपरी टाकते आणि उंदीर इन्स्पेक्टर रोज फुकट चहा पिऊन जातो. शैलाताईंना ते इतकं आवडलं होतं की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून वरणाचा पार लगदा झाला होता.

“सांग की तेच,” पंढरीनाथ म्हणाले. “उंदीर इन्स्पेक्टर. पोलिसी कादंबरी म्हणून खपेल.”

शैलाताईंनी तसं सांगितलंही असतं. पण पहिल्या रविवारी सुरुवात केली ती यतीनराव देऊसकरांनी. एका कॉलेजच्या कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले, एकटे राहणारे, कडक इस्त्रीचा शर्ट घालणारे गृहस्थ. त्यांनी उशीएवढं जाड पुस्तक टेबलावर ठेवलं, त्यावर हात ठेवला आणि संस्कृती, मूल्यं, विघटन असे शब्द बराच वेळ वापरले. “मी याला वाचन म्हणत नाही,” ते शेवटी म्हणाले, “हा संवाद आहे.”

त्यानंतर वरच्या मजल्यावरची भाविका म्हणाली की ती डाएटवरचं पुस्तक वाचतेय, छान आहे, पण भूक बहु लागते. मंजुळाबाई पाटील म्हणाल्या, “मी निस्ती आयकाला आलेय.” मंजुळाबाई मूळच्या जवळच्याच चेणे गावच्या. जमीन गेली, मुलाने इथे फ्लॅट घेतला, आणि सातव्या मजल्यावर आपलं मन रमत न्हाय, असं त्या लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत.

“आणि शैलाकाकू, तुम्ही?” संपदाने विचारलं.

शैलाताईंनी त्या जाड पुस्तकाकडे पाहिलं. मांजर ओठापर्यंत आली होती, ती परत गेली. खिडकीतून लांबवर खाडीकडची मिठागरं दिसत होती. त्यांच्या तोंडून निघून गेलं, “मी ना, एक कादंबरी वाचतेय. ‘खाऱ्या बांधावरची इंदू’.”

“अरे वा! कोणाची?”

“सुमती... खारकर.”

“कशावर आहे?”

आता माघार नव्हती. शैलाताईंनी एक दम घेतला आणि सांगायला लागल्या. मिठागरात काम करणारी इंदू. तिचा नवरा तमाशाच्या फडामागे ढोलकी वाजवायला निघून गेलेला. भरतीच्या पाण्याने बांध फुटतो, पुरुषमाणसं घरी झोपलेली, आणि इंदू एकटी चिखल उपसून बांध घालते. तिथला मुकादम लांबून बघत असतो...

“मग?” मंजुळाबाईंनी विचारलं.

“मग... मी तिथपर्यंतच आलेय,” शैलाताई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा पंढरीनाथांच्या नाकातून चहा आला.

“सुमती खारकर! पुस्तक लोणच्याचं असतं तर काय, सुमती कैरीकर?”

“अहो, हसताय काय! पुढच्या रविवारी मी काय सांगू?”

“त्यात काय, पुढचं प्रकरण वाच,” असं म्हणून ते परत हसत सुटले.

शैलाताईंनी वाचलं. म्हणजे भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, भाईंदर पूर्वेला बहिणीकडे जाताना रिक्षात, त्या इंदूचा विचार करत राहिल्या. सुरुवातीला भीतीपोटी, नंतर आवडीने. पुढच्या रविवारी मुकादमाने इंदूला बढती दिली. त्याच्या पुढच्या रविवारी बढतीमागचं कारण कळलं. भाविका म्हणाली, “शैलाबेन, ये मुकादम को तो मारना चाहिए.” मंजुळाबाईंचा राग मात्र नवऱ्यावर होता. “त्यो ढोलकीवाला येऊ दे परत, बगते मी त्याला.” संपदा रविवारी आईकडे जायची ती आता शनिवारीच जाऊन येऊ लागली. यतीनरावांचं जाड पुस्तक टेबलावर असायचं, पण त्याच्याबद्दल कोणी विचारत नव्हतं.

हे यतीनरावांना कुठेतरी लागलं असणार. कारण चौथ्या की पाचव्या बैठकीला शैलाताई ‘आज इथपर्यंतच’ म्हणाल्या, तेव्हा ते घसा साफ करून म्हणाले, “मी वाचलीय ही कादंबरी.”

शैलाताई उठता उठता परत खुर्चीत बसल्या.

“खूप वर्षांपूर्वी,” यतीनराव म्हणाले. “सुमतीबाईंची भाषा चांगली आहे, नाही असं नाही. पण शेवट फसलाय.”

त्या रात्रीच्या जेवणात शैलाताईंनी आमटीत मीठ दोनदा घातलं.

“फसलाय म्हणे!” त्या म्हणाल्या. “मी अजून विचारसुद्धा केला नाही त्या शेवटाचा! याला कसा कळला फसलेला?”

“अगं, आनंद मान,” पंढरीनाथ म्हणाले. “नसलेल्या पुस्तकाला समीक्षक मिळाला. इथे लोक खरी पुस्तकं लिहून वाट बघत बसतात.”

“खोटारडा माणूस!”

“कोण?” पंढरीनाथांनी अगदी निरागसपणे विचारलं.

शैलाताईंनी आमटीत पाणी ओतलं. त्यांना आपली लबाडी उघडी पडण्याची भीती वाटतच नव्हती, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. राग होता तो इंदूसाठी. बिचारीने एवढा चिखल उपसला, आणि हा बसल्याजागी म्हणतो फसलाय. त्यांनी बेत केला.

पुढच्या रविवारी चहा येण्याआधीच त्यांनी गोड आवाजात विचारलं, “यतीनराव, तुम्ही वाचलीच आहे तर सांगा. ते इंदू हत्तीवर बसून वसईला जाते ते प्रकरण तुम्हाला कसं वाटलं?”

“हत्तीवर?” मंजुळाबाई म्हणाल्या.

यतीनरावांनी जाड पुस्तकावर हात ठेवला. “हां, ते,” ते म्हणाले. “तेच तर सगळ्यात प्रभावी प्रकरण आहे. हत्ती तिथे प्रतीक म्हणून येतो.”

शैलाताईंच्या जिभेवर वाक्य तयार होतं. असं प्रकरणच नाही, मी गंमत केली. एवढं म्हटलं की झालं. त्यांनी यतीनरावांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. शर्टाची इस्त्री कडक होती, पण एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं होतं, आणि ते लावणाऱ्याला सुई धरता येत नव्हती हे उघड दिसत होतं. हा माणूस आठवडाभर कोणाशी बोलत असेल, असा प्रश्न शैलाताईंच्या मनात पहिल्यांदाच आला.

“मलाही तेच वाटलं,” त्या म्हणाल्या. “प्रतीक.”

बैठक संपल्यावर लिफ्ट बंद होती म्हणून सगळे जिन्याने निघाले. पहिल्या मजल्याच्या वळणावर यतीनरावांनी त्यांना हळूच थांबवलं.

“शैलाताई, एक विचारू? तो हत्ती... नाहीये ना?”

“नाहीये.”

“मला वाटलंच. मिठागरात हत्ती कुठून येणार.” ते कठड्याला धरून उभे राहिले. “मी ती कादंबरी वाचलेली नाही. तुम्हाला ते कळलं, तरी तुम्ही मला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलं नाहीत. तुमची प्रत दोन दिवस द्याल का? वाचून टाकतो. निदान यापुढे तरी खोटं बोलायला नको.”

आता कान लाल व्हायची पाळी शैलाताईंची होती.

“प्रत नाहीये,” त्या म्हणाल्या.

“लायब्ररीची आहे का?”

“नाही हो. पुस्तकच नाहीये.”

यतीनरावांना समजायला थोडा वेळ लागला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “म्हणजे सुमतीबाई...”

“नाहीत.”

“आणि मी त्यांच्या भाषेचं कौतुक केलं!”

“माझ्या भाषेचं केलंत. त्याबद्दल आभार,” शैलाताई म्हणाल्या. “पण शेवट फसला म्हणालात, त्याचं मात्र मला फार लागलं.”

आधी हसले ते यतीनराव. मग दोघंही कठडा धरून इतके हसले की वरून भाविकाने विचारलं, “सब ठीक छे ना?”

दोघांनी तिथेच ठरवलं की प्रकरण आता सभ्यपणे मिटवायचं. पुढच्या रविवारी यतीनरावांनी गंभीर चेहरा करून जाहीर केलं की त्यांच्याकडे या कादंबरीची एक जुनी प्रत होती, ती त्यांनी एका मित्राला दिली, मित्र नागपूरला गेला आणि प्रत काही परत आली नाही. शैलाताईंनी लगेच पुस्ती जोडली की त्यांचीही प्रत गेल्या आठवड्यात बहिणीकडे जाताना रिक्षात राहिली, त्यामुळे कथा आता इथेच थांबवावी लागेल. वाईट वाटतं, पण इलाज नाही.

संपदा भाविकाकडे बघत होती, भाविका मंजुळाबाईंकडे.

“काकू,” संपदा म्हणाली, “असं पुस्तक नाहीच आहे. मी पहिल्याच रविवारी मागवायला बसले होते. कुठेच सापडलं नाही.”

“मैंने भी देखा,” भाविका म्हणाली. “मला वाटलं माझं मराठी स्पेलिंग चुकतंय. मग मिस्टरांना विचारलं. पण मिलाच नाही.”

शैलाताईंनी मंजुळाबाईंकडे पाहिलं.

“माज्या नातीन फोनमदी शोदलान,” मंजुळाबाई म्हणाल्या. “बोलली, आजी, असा बुक न्हाय. मी तिला बोलले, गप बस, कोनाला सांगू नको.”

“अहो, मग मला का नाही विचारलंत?” शैलाताईंचा आवाज चिरका झाला.

“विचारलं असतं तर तू पुडचा सांगितला असतास का, बाय?”

यतीनराव छताकडे बघत होते. त्यांना वाटलं असावं की आपण त्यातून सुटलो, पण संपदा म्हणाली, “आणि काका, तुमचा हत्ती आम्हाला फार आवडला,” तेव्हा त्यांनी मुकाट्याने हात जोडले.

“आता काय सांगायचं ते सांग,” मंजुळाबाई म्हणाल्या. “मुकादम बोलला ना तिला, माज्या घरात राहायला ये न्हायतर काम सोड. मग ती काय बोलली?”

शैलाताईंना शेवट त्या क्षणापर्यंत माहीत नव्हता. पण चार माणसं खुर्च्या पुढे ओढून बसली होती, आणि त्यांना वाटलं की इंदूला तो माहीत असणार. त्या सांगू लागल्या.

इंदू मुकादमाला म्हणाली, “येते की. पण आधी बघा, तुमची होडी सुटलीय.” होडी खरंच सुटली होती, दोर तिनेच सोडला होता. मुकादम धोतर सावरत धावला आणि भरतीच्या चिखलात मांड्यांपर्यंत रुतला. आगरातल्या सगळ्या बाया टोपल्या खाली ठेवून बांधावर येऊन उभ्या राहिल्या. कोणी काही बोललं नाही, नुसत्या बघत राहिल्या, आणि मग हसल्या. त्यांनीच त्याला दोर टाकून बाहेर काढलं. पण त्या दिवसापासून त्याला आगरात कोणावर आवाज चढवता आला नाही. आणि पावसाळ्याच्या तोंडावर ढोलकीवाला परत आला. इंदूने त्याला पाणी दिलं, जेवायला वाढलं आणि म्हणाली, “सकाळी बांधावर ये. टोपली घेऊन.”

“आला का?” भाविकाने विचारलं.

“आला. पहिल्या दिवशी उशिरा आला.”

मंजुळाबाई समाधानाने मागे टेकल्या. “त्याला दोन द्यायला पायजे होत्या,” त्या म्हणाल्या. “पन चालंल.”

चहा आला. यतीनरावांनी कप घेतला आणि कोणी न विचारताच सांगून टाकलं की जाड पुस्तकाच्या चाळिसाव्या पानापुढे ते गेल्या दिवाळीपासून गेलेले नाहीत, आणि झोपताना ते भुताखेतांच्या गोष्टी वाचतात. दिवा चालू ठेवून. “एकदम भारी असतात,” ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच ऐकून संपदाला ठसका लागला. शैलाताईंनी मग चहाची टपरी टाकणाऱ्या मांजरीबद्दल सांगितलं. भाविकाने ते पुस्तक तिथल्या तिथे मुलीसाठी मागून घेतलं, आणि तिचा चेहरा बघता मुलीला ते कधी मिळेल याची शंकाच होती.

“मंजुळामावशी, आता तुम्ही,” संपदा म्हणाली. “दर वेळी नुसतं ऐकायचं चालणार नाही.”

“मना वाचता येता,” मंजुळाबाई म्हणाल्या, “पन डोले दुकतान. माज्या सासूची एक गोष्ट हाय. चालंल?”

“पुस्तकात आहे?” यतीनरावांनी विचारलं.

“न्हाय.”

“मग तर चालेलच.”

पंढरीनाथ किल्ली मागायला म्हणून खाली आले होते ते दारातच उभे होते. शैलाताईंनी किल्ली पुढे केली. त्यांनी ती खिशात टाकली, इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीला लावलेली एक खुर्ची उघडून आत बसले.

“सांगा,” ते म्हणाले.

मंजुळाबाईंनी पदर खांद्यावरून घेतला आणि सासू चेण्याला नवरी म्हणून आली त्या दिवसापासून सुरुवात केली.