निरोपाची चकती

ओतशाळेत माझं नाव रिजेक्टबाई होतं. पाठीमागे, अर्थात, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. अ‍ॅल्युमिनियमच्या कास्टिंगचा तुकडा कापायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि अ‍ॅसिडात बुडवायचा. मग धातू थिजताना वाढलेले स्फटिक, म्हणजे आमच्या भाषेत दाणे, उघडे पडतात. दाणे मोठे, तर माल कच्चा. मी सरळ लाल खूण मारायचे. मग ओतारीकाका दोन-दोन दिवस माझ्याशी बोलायचे नाहीत.

ती ओतशाळा आता राहिली नाही. पण कुठे तापल्या वाळूचा वास आला की मी अजून तिथेच जाऊन उभी राहते.

तिथे एक रीत होती. रिटायर होणाऱ्या माणसासाठी वितळलेल्या धातूचा थोडा रस एका साच्यात वेगळा काढायचा. त्यात दाणे बारीक करणारी वडी टाकायची नाही, आणि साचा गरम राखेत पुरून रस सावकाश थिजू द्यायचा. धक्का लागू नये म्हणून कुणीतरी शेजारी बसून राहायचं. जितकं निवांत थिजेल, तितके दाणे मोठे. मग त्याची चकती कापून हातात द्यायची. भट्टीवाल्या मामांच्या चकतीत एकेक दाणा बोटाच्या पेराएवढा होता. ती त्यांनी आठवडाभर मिरवली. दाण्यांवरून माया मोजायचो आम्ही, वेडेच होतो.

मग माझी पाळी आली. रिजेक्टबाईसाठी राखेपाशी कोण बसणार?

"मला काय करायचीय ती चकती?" मी नवऱ्याला म्हटलं.

"मग सकाळपासून चारदा विषय का काढलास?" तो म्हणाला.

निरोपाच्या दिवशी ओतारीकाकांनी चकती हातात ठेवली. दाणे साखरेसारखे बारीक. म्हणजे कुणी बसलंच नव्हतं. वडी टाकलेला रोजचा रस ओतून मोकळे झाले होते. फार लागलं मला ते. चेहरा पडला, तो लपवतासुद्धा आला नाही.

"तीनदा ओतली, बाई," काका म्हणाले. "पहिल्या दोन आम्हीच नापास केल्या. मोठ्या दाण्यांचा माल तुमच्या हातात द्यायचा कुणी?"

सगळे भट्टी सोडून माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. मी भिंग काढलं, चकती उजेडाकडे धरली. एका कडेला तीन-चार दाणे चांगलेच वाढले होते. डोळे भरल्यामुळे ते आणखी मोठे दिसत होते.

"पास," मी म्हणाले. सबंध नोकरीतलं माझं ते एकमेव खोटं.