ट्रॅकमध्ये बेस आहेच

मी बेस गिटार बोलतेय. सहा तारांच्या त्या नखरेल गिटारशी माझी गल्लत करू नका. तिला सगळे ओळखतात. मला चारच तारा, त्याही जाड. माझा आवाज कानापेक्षा छातीला जास्त जाणवतो. त्यामुळे मी वाजत होते हे बहुतेकांना मी थांबल्यावरच समजतं.

मला शेषरावांनी नागपूरहून आणलं. ते भातकुलीच्या शाळेत गणित शिकवायचे आणि राहायचे अमरावतीत. शेजारचे चिंतामण वकील सहा तारांची गिटार वाजवायचे. दोघांना वेड एकच, सिनेमातल्या धुनांचं. सुरुवातीला नावांच्या पाट्या पडताना वाजते ती धून, खलनायक जिना उतरतो तेव्हाची धून. वकील धून छेडायचे आणि मी तिला खालून धरून ठेवायचे. स्वागत समारंभात लोक जेवता जेवता थांबायचे आणि पिक्चरचं नाव ओळखायचे. कौतुक अर्थातच त्या सहा तारांच्या गिटारच्या वाट्याला यायचं. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी वकील हृदयविकाराने गेले. मुलाने त्यांची गिटार पुण्याला नेली. धुनेशिवाय माझं वाजणं म्हणजे नुसतं ढुम ढुम. निवृत्त झालेले शेषराव घरात बसून पार कोमेजले. शेवटी अकोल्याच्या एका कराओके ग्रुपने त्यांना बोलावलं, तेव्हा त्यांनी मला किती हौसेने पुसलं होतं.

ग्रुप चालवणारा गौरांग स्टेजवर अदबीने म्हणाला, "सर, तुमी फक्त उभे राहा. ट्रॅकमधी बेस हायेच, दोन-दोन झाले का गडबड होते. पण गिटारवाला असला का स्टेज भरल्यावानी दिसते." आणि त्याने माझी स्पीकरची वायर काढली.

शेषराव खाली उतरतील असं मला वाटलं. ते उतरले नाहीत. त्यांनी एकेक सूर जिथल्या तिथे वाजवला. तो आम्हा दोघांनाच ऐकू आला.

पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी शालूबाई बसल्या होत्या. परतताना बसमध्ये त्या म्हणाल्या, "आज लय मस्त वाजवलं तुमी. इतके वर्ष मले तुमचा आवाज येगळा समजलाच नोता. आज समजला."

शेषराव नुसतं "हो" म्हणाले.

सकाळी त्यांनी मला घरच्या स्पीकरला जोडलं आणि स्टेजवरच्याच धुनेचा बेस वाजवला. एक सूर चुकला नाही. चहा घेऊन आलेल्या शालूबाई जरा वेळ ऐकत उभ्या राहिल्या.

"हे काय वाजवून राह्यले? कालचं वाजवा न."

"कालचंच हाये हे."

"काहून चिडवता मले? कालचं मी इसरली काय?" त्या हसत आत गेल्या. शेषरावांनी वायर काढली. घरात त्यांनी मला पुन्हा वाजवलेलं नाही.

अकोल्याला मात्र आम्ही दर कार्यक्रमाला जातो. आता ते माझ्या तारा दाबतही नाहीत, बोटं नुसती वरून फिरवतात. कराओकेची धून घुमते आणि शालूबाई शेजारणीला सांगतात, "तो जाड आवाज आमच्या ह्यायचा हाये." इतकं सुख मी त्यांना कधी दिलं नव्हतं. मला रडू येतं, पण तेही कुणाला ऐकू जात नाही.

कुणीतरी माझी वायर जोडा, अशी विनंती मी तुम्हाला करणार होते. पण मग शालूबाईंना खरं कळेल. तेव्हा राहू द्या.